चालत्या फोनचा हँडओव्हर भरवशाचा कसा करायचा? सेल, वाय-फाय आणि दोन्हींची सीमा

रेडिओलहर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

चालू कॉल एका सेलवरून (टॉवरच्या एका अँटेनाच्या क्षेत्रातून) दुसऱ्या सेलवर जाताना, म्हणजे हँडओव्हरमध्ये, तुटला की 'पुढे रेंज नव्हती' असं म्हणून आपण मोकळे होतो. माझं काम रेडिओ ऑप्टिमायझेशनचं. ड्राइव्ह टेस्टचे, म्हणजे गाडीतून फिरत घेतलेल्या मोजमापांचे, लॉग उघडले की बरेचदा उलटंच दिसतं. पुढच्या सेलची रेंज चांगली असते, फोनने ती मोजून कळवलेली असते, नेटवर्कने पुढे जागाही राखून ठेवलेली असते. 'आता तिकडे जा' हा आदेश मात्र जुन्या सेलवरूनच यायचा असतो, आणि तोवर जुना दुवा इतका खालावलेला असतो की आदेश फोनपर्यंत पोचत नाही. कधी कधी तर फोनचा अहवालच वर पोचत नाही.

एलटीई (४जी) आणि ५जीमध्ये नेहमीच्या हँडओव्हरला सुरुवात होते ती 'ए३' या घटनेने. शेजारचा सेल चालू सेलपेक्षा ठरावीक डेसिबलनी (हाच ए३ चा ऑफसेट) वरचढ झाला की ही घटना घडते. पण लगेच अहवाल जात नाही, ती स्थिती काही काळ टिकावी लागते. या काळाला टाइम-टू-ट्रिगर म्हणतात आणि मानकात तो ० पासून ५१२० मिलिसेकंदांपर्यंत ठरवून दिलेल्या पायऱ्यांपैकी एका पायरीवर ठेवता येतो. समजा ६४० ठेवला. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात १६ मीटर पुढे जाते, ताशी ३०० किलोमीटरने धावणारी रेल्वे ५३ मीटर. मोकळ्या रस्त्यावर १६ मीटरनी काही बिघडत नाही. उंच इमारतीच्या कोपऱ्यावर वळताना मात्र तेवढ्याच अंतरात जुन्या सेलचा सिग्नल २० डेसिबलनी पडू शकतो, म्हणजे त्याची शक्ती शंभराव्या हिश्शावर येते.

मग पुढे काय होतं? फोनला जुना दुवा डळमळीत वाटू लागला की टी३१० हा टायमर सुरू होतो. तो संपेपर्यंत दुवा सावरला नाही किंवा आदेश आला नाही, तर फोन 'रेडिओ लिंक फेल्युअर' जाहीर करतो आणि स्वतःच जवळचा सेल शोधून पुन्हा जोडून घ्यायचा प्रयत्न करतो. ज्या सेलकडे त्या फोनची माहिती आधीच पोचलेली असते तिथे हे चटकन जमतं. नाही तर जोडणी पहिल्यापासून करावी लागते, आणि तोवर बोलणारा माणूस 'हॅलो, हॅलो' करून कंटाळलेला असतो.

माझं म्हणणं असं की भरवसा वाढवायचा असेल तर सगळी तयारी जुना दुवा धडधाकट असतानाच उरकायला हवी. हे सेलला लागू आहे, वाय-फायला आहे, आणि या दोन्हींच्या सीमेवर तर सगळ्यात जास्त आहे. अनुभव, आक्षेप, लॉग, सगळं येऊ द्या.

वाटसरू_नवा

छान धागा. मी या क्षेत्रातला नाही, म्हणून अगदी साधा प्रश्न विचारतो. फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू आहे. बोलत बोलत इमारतीबाहेर आलो की कधी कॉल अलगद मोबाइल नेटवर्कवर जातो, कधी काही सेकंद आवाज जातो, कधी सरळ तुटतो. फोन तोच, कंपनी तीच, दरवाजाही तोच. मग दर वेळी वेगळं का?

अनाहत

वाटसरू, तुमचा प्रश्न साधा नाही, उलट या धाग्यातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे. मी कोअर नेटवर्कच्या बाजूला काम करते, तिथून जसं दिसतं तसं सांगते.

वाय-फायवर कॉल चालू असताना तुमचा फोन इंटरनेटवरून कंपनीच्या ईपीडीजी नावाच्या गेटवेपर्यंत एक आयपीसेक बोगदा, म्हणजे कूटबद्ध वाट, उघडून बसलेला असतो. बोगद्याचं दुसरं टोक पुढे ज्या पॅकेट गेटवेला जोडलेलं असतं, त्याच गेटवेला एलटीईचा रस्ताही येऊन मिळतो. कॉलसाठी फोनला मिळालेला आयपी पत्ता या गेटवेकडे असतो. बाहेर पडताना फोन एलटीईवर जोडणी मागतो तेव्हा 'हे नवं कनेक्शन नाही, चालूच हलवतोय' असं विनंतीत सांगतो. गेटवे पत्ता तोच ठेवतो, वाट फक्त बदलतो. कॉल चालवणाऱ्या आयएमएसला पत्त्यातला बदल दिसतच नाही. हे सगळं वेळेत झालं तर तुम्हालाही काही कळत नाही.

अडचण 'वेळेत' या शब्दात आहे. इथे बाहेरून आदेश देणारं कोणी नाही. वाय-फाय कंपनीच्या ताब्यात नसतं, त्यामुळे कधी हलायचं हे फोन ठरवतो, आणि प्रत्येक फोन बनवणाऱ्याचे निकष वेगळे. फोन एलटीईवर आधीच नोंदलेला असेल तर काम लवकर होतं. बराच वेळ आत बसून मोबाइल रेंज गेलेली असेल तर फोनला आधी सेल शोधावा लागतो, मग नोंदणी, मग हलवाहलव. तोवर वाय-फाय संपतं. आणि दाराबाहेर एलटीई किंवा ५जी नसून फक्त जुनी २जी, ३जी असेल तर वाय-फायवरचा कॉल तिकडे नेण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसतेच.

दर वेळी वेगळं होण्याचं आणखी एक कारण म्हणजे तुमचा चालण्याचा वेग आणि दरवाजा. काचेचा दरवाजा उघडा असेल तर वाय-फाय हळूहळू विरतं. जाड भिंत आणि लोखंडी दार असेल तर दोन पावलांत जातं.

सांजवारा

वाय-फायची बाजू मी मांडतो. मोठ्या आवारांची वायरलेस जाळी उभी करणं हेच माझं रोजचं काम.

सेल्युलरवाल्यांना सवय असते की नेटवर्क सांगतं आणि फोन ऐकतो. वाय-फायमध्ये एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी जायचं हा निर्णय मुळात फोनचा. आपल्या हातात सूचना देणं असतं. ८०२.११के हे २००८ चं मानक फोनला शेजारच्या पॉइंटांची यादी देतं. २०११ चं ८०२.११व्ही 'तिकडे गेलास तर बरं' असं सुचवतं, आणि फार झालं तर 'थोड्या वेळात तुला इथून काढतोय' अशी पूर्वसूचना देतं. फोनने ऐकायचं की नाही ते फोनवर.

यादीचं मोल अनेकांना कळत नाही. ५ गिगाहर्ट्झमधले बरेच चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. तिथे फोन आपणहून 'कोणी आहे का' असं विचारत नाही, बीकन, म्हणजे पॉइंटची ठरावीक वेळाने येणारी हजेरी, ऐकू येण्याची वाट पाहतो. बीकन साधारणपणे १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा येतो. असे डझनभर चॅनेल आंधळेपणाने चाळायचे म्हणजे सव्वा सेकंद गेला, आणि कॉल चालू असेल तर मध्ये मध्ये परत येऊन पॅकेटंही द्यावी-घ्यावी लागतात. शेजारचे तीन पॉइंट कोणत्या चॅनेलवर आहेत हे आधीच कळलं तर फोन तेवढेच ऐकतो.

मग ८०२.११आर. हेही २००८ चंच. एंटरप्राइझ सुरक्षेच्या जाळ्यात नव्या पॉइंटवर गेल्यावर पूर्ण ओळखपरेड करायची तर प्रमाणीकरण सर्व्हरपर्यंत अनेक फेऱ्या होतात. सर्व्हर लांब असेल तर शेकडो मिलिसेकंद सहज जातात. 'आर' मध्ये किल्ल्यांची उतरंड आधीच तयार ठेवलेली असते, त्यामुळे नव्या पॉइंटशी चार फ्रेममध्ये काम आटोपतं. रेडिओलहर म्हणतात ती तयारी हीच. अडचण एकच, काही जुनी उपकरणं 'आर' चालू असलेल्या जाळ्याला जोडलीच जात नाहीत. म्हणून चालू करण्याआधी आवारात कोणकोणती उपकरणं आहेत ते पाहून घ्या.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. अ‍ॅपलने आयफोनसाठी जाहीर केलेला उंबरठा −७० डीबीएम आहे (हा सिग्नलच्या शक्तीचा आकडा, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). सिग्नल तिथपर्यंत उतरला की फोन दुसरा पॉइंट शोधू लागतो, आणि डेटाची देवाणघेवाण चालू असेल तर ८ डेसिबलनी सरस पॉइंट मिळाला तरच हलतो. डेटा चालू नसेल तर १२ डेसिबल लागतात. याचा हिशेब मांडा: जिथे चालू पॉइंट −७० ला येतो तिथे शेजारचा −६२ किंवा त्याहून चांगला मिळायला हवा. नाही मिळाला तर फोन जुन्यालाच चिकटून बसणार. जाळं आखताना किती लोक या दृष्टीने नकाशा पाहतात? बहुतेक जण 'सगळीकडे रेंज आहे ना' एवढंच पाहतात आणि पॉइंटांची शक्ती पूर्ण चढवून ठेवतात. मग फोनला पॉइंट लांबूनही ठणठणीत ऐकू येतो, फोनचा क्षीण आवाज मात्र पॉइंटला नीट ऐकू येत नाही. फोनच्या पडद्यावर रेषा भरलेल्या आणि आवाज तुटक, ही तक्रार इथूनच येते.

निखळ

धाग्यासाठी धन्यवाद. पण रेडिओलहर, उपाय तुमच्याच पोस्टमध्ये आहे की. उशीर ही अडचण असेल तर टाइम-टू-ट्रिगर कमी करा, ए३ चा ऑफसेटही कमी करा. लवकर निर्णय, लवकर आदेश. यात एवढं अवघड काय?

रेडिओलहर

निखळ, पहिल्यांदा सगळ्यांच्या हाताला तेच बटण लागतं, आणि ते फिरवलं की आठवड्याभरात दुसऱ्या तक्रारी सुरू होतात.

सिग्नल सरळ रेषेत वर-खाली होत नाही. परावर्तनांमुळे तो क्षणाक्षणाला हलतो. टाइम-टू-ट्रिगर ४० मिलिसेकंदांवर आणला तर शेजारचा सेल क्षणभर उसळला तरी फोन तिकडे जातो आणि पुढच्याच क्षणी परत येतो. याला पिंग-पाँग म्हणतात. मोबाइल जाळ्यांची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या अभ्यासांत एका सेकंदापेक्षा कमी काळ टिकलेला मुक्काम पिंग-पाँग धरला आहे. प्रत्येक फेरीत थोडा खंड पडतो, नियंत्रणाचे संदेश वाढतात, आणि प्रत्येक फेरी फसण्याची नवी संधी असते. त्याहून वाईट म्हणजे नवा सेल खरोखर बसायच्या आत फोन तिथे पोचतो, तिथे पाय टेकत नाही आणि परत जुन्याकडे पळतो. उशिरा झालेला, लवकर झालेला आणि चुकीच्या सेलमध्ये झालेला असे फसलेल्या हँडओव्हरचे तीन प्रकार थ्रीजीपीपीने रिलीझ ९ या मानकांच्या आवृत्तीतच वेगळे केले, कारण तिघांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात.

म्हणून जाळ्यातली किंमत सरसकट बदलू नका. प्रत्येक सेल-जोडीसाठी वेगळा ऑफसेट देता येतो. ज्या कोपऱ्यावर उशीर होतो त्या दोन सेलांपुरताच तो हलवायचा, आणि तोही ज्या दिशेने उशीर होतो त्या दिशेपुरता. लहान सेलमधून मोठ्या सेलकडे जाताना जास्त हँडओव्हर फसतात. कारण लहान सेलच्या कडेला मोठ्या सेलची शक्ती झपाट्याने वरचढ होते आणि लहान सेलचा आदेश तिच्यात बुडतो. उलट दिशेला एवढी घाई नसते. दोन्ही दिशांना एकच आकडा ठेवला तर एका बाजूचं नुकसान ठरलेलंच.

वेगाचीही सोय आहे. ठरावीक वेळात किती सेल बदलले यावरून फोन स्वतःची गती ओळखतो आणि टाइम-टू-ट्रिगर त्या प्रमाणात आखडता घेतो. मात्र जिथे लहान आणि मोठे सेल सरमिसळ आहेत तिथे हा अंदाज चुकतो, दाट लहान सेलांतून पायी चालणाराही वेगवान ठरतो. मी तिथे त्यावर अवलंबून राहत नाही.

जुना_तारवाला

वाचून जुने दिवस आठवले. अवांतर वाटेल, पण निर्णय कोणी घ्यायचा हा वाद या धंद्याइतकाच जुना आहे, म्हणून लिहितो.

बेल लॅब्जच्या एमॉस जोएल यांना सेलमधून सेलमध्ये चालू कॉल नेण्याच्या पद्धतीचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पिढीच्या अँप्स जाळ्यात मोजमाप बेस स्टेशनं करायची, फोन काहीच मोजत नसे. आदेश पाठवायला वेगळी वाट नव्हती, म्हणून आवाज क्षणभर दाबून त्याच चॅनेलवरून आदेश जायचा. जीएसएममध्ये फोनला कामाला लावलं. तो शेजारच्या सेलांचे सिग्नल मोजतो आणि दर ४८० मिलिसेकंदांनी अहवाल पाठवतो. निर्णय नेटवर्कचाच, पण माहिती फोनच्या जागेवरची. भरवशात पडलेला फरक मोठा होता.

मग सीडीएमए आलं, १९९३ चं आयएस-९५ मानक. तिथे शेजारचे सेल एकाच फ्रिक्वेन्सीवर असल्यामुळे फोन एकाच वेळी दोन-तीन सेलांशी बोलू शकायचा. नवा दुवा जोडायचा, तो पक्का झाला की जुना सोडायचा. त्याला सॉफ्ट हँडओव्हर म्हणत, आणि आवाजासाठी त्यासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. ३जीनेही ते उचललं. एलटीईत मात्र ते काढून टाकलं.

निखळ

चांगली गोष्ट काढून का टाकली?

जुना_तारवाला

कारण सॉफ्ट हँडओव्हरसाठी अनेक बेस स्टेशनांच्या वर बसून दोन्ही प्रवाह जुळवणारा नियंत्रक लागतो. ३जीत तो आरएनसी होता. एलटीईत मधला थर काढला, कुणाला कधी किती पाठवायचं हा निर्णय दर मिलिसेकंदाला बेस स्टेशनच घेऊ लागलं. दोन स्वतंत्र बेस स्टेशनांनी मिलिसेकंदागणिक एकच निर्णय घेणं परवडणारं नव्हतं. वेगवान डेटा मिळाला, बदल्यात हँडओव्हर पुन्हा 'आधी तोडा मग जोडा' झाला. हरवू नये म्हणून जुनं बेस स्टेशन उरलेली पॅकेटं नव्याकडे पाठवून देतं. फाइल डाउनलोडचं त्यामुळे काही जात नाही. आवाज मात्र पुन्हा न पाठवणाऱ्या पद्धतीने जातो, त्याचे तुकडे गळू शकतात.

रेडिओलहर

तारवाले काका, नेमकं लिहिलंत. २०२० च्या आसपास आलेल्या रिलीझ १६ मध्ये या उणिवेवर दोन उपाय आले. एकाचं नाव डॅप्स. यात फोन नव्या सेलमध्ये शिरकाव होईपर्यंत जुन्याकडून डेटा घेणं थांबवत नाही, खंड जवळजवळ नाहीसा होतो. पण फोनला दोन्ही दुवे एकदम चालवावे लागतात, आणि तो भार सगळ्या फोनांना झेपत नाही.

दुसरा उपाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कंडिशनल हँडओव्हर. यात नेटवर्क जुना दुवा चांगला असतानाच फोनला एक-दोन संभाव्य सेल आणि त्यांची पूर्ण जोडणी-माहिती देऊन ठेवतं, सोबत अट: 'हा सेल इतक्या डेसिबलनी सरस झाला की विचारू नकोस, जा.' अट पुरी होते तेव्हा जुना दुवा मेलेला असला तरी अडत नाही, कारण आदेश आधीच खिशात आहे. आणि अट पुरी व्हायच्या आतच दुवा तुटला, तर फोनने शोधलेला सेल त्या यादीतला असला की नेटवर्कने मुभा दिलेली असल्यास तो थेट तिथे जातो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

किंमत अशी की प्रत्येक संभाव्य सेलला त्या फोनसाठी जागा राखून ठेवावी लागते, आणि बहुतेक जागा वापरल्या जात नाहीत. गर्दीच्या सेलमध्ये हे जाचतं. म्हणून यादी लहान ठेवावी आणि फार आधी देऊ नये. तरी काकांनी काढलेल्या वादाचं माझं उत्तर हेच आहे: तयारी नेटवर्कने करावी, पाऊल टाकण्याचा क्षण फोनने निवडावा. फोनला तिथली परिस्थिती दिसते, नेटवर्कला पलीकडची.

कोडकर्ती

मी अ‍ॅप लिहिते, आणि खालच्या थरांत तुम्ही काहीही सुधारलंत तरी वरच्या थरात आम्ही ते वाया घालवू शकतो, हे इथे यायला हवं.

टीसीपी कनेक्शन, म्हणजे इंटरनेटवरची नेहमीची डेटा-जोडणी, चार गोष्टींवरून ओळखलं जातं: दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि दोन्ही पोर्ट. अनाहत यांनी सांगितलेली पत्ता जपण्याची सोय कंपनीच्या कॉलिंगसाठी आहे. साधं ब्राउझिंग, चॅट, व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप यांना वाय-फायवर एक पत्ता असतो आणि मोबाइल डेटावर दुसरा. पत्ता बदलला की टीसीपीच्या लेखी ते कनेक्शन संपलं. आणि दुःखद भाग असा की अ‍ॅपला ते लगेच कळत नाही. ते मेलेल्या वाटेवर पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, प्रत्येक प्रयत्नामधलं अंतर दुप्पट होत जातं, आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर चक्र फिरत राहतं.

यावर दोन वाटा आहेत. मल्टिपाथ टीसीपी एकाच कनेक्शनखाली दोन्ही जाळ्यांवरचे प्रवाह ठेवतं. अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयओएस ७ पासून सिरीसाठी ते वापरलं. दुसरी वाट क्विक, आरएफसी ९०००, २०२१ चं. यात कनेक्शनची ओळख पत्त्यावर नसून कनेक्शन आयडीवर असते. फोन नव्या पत्त्यावरून त्याच सत्राचं पॅकेट पाठवतो, सर्व्हर त्या वाटेला एक आव्हान पाठवून ती खरी आहे याची खात्री करतो आणि काम पुढे चालू. सुरक्षेची देवाणघेवाण पुन्हा करावी लागत नाही.

प्रत्यक्षात कुठे अडतं ते सांगते. सर्व्हरपुढचा लोड बॅलन्सर अजूनही पत्ते आणि पोर्ट पाहून पॅकेट वाटत असेल तर पत्ता बदलताच पॅकेट भलत्याच सर्व्हरकडे जातं, आणि त्याला या सत्राबद्दल काहीच माहीत नसतं. फोनकडे क्विक आहे, सर्व्हरकडे आहे, तरी स्थलांतर फसतं. बॅलन्सरने कनेक्शन आयडी पाहून वाटप करायला हवं. ही एक गोष्ट तपासा म्हणून मी भेटेल त्या बॅकएंडवाल्याला सांगत असते.

आणि अ‍ॅप लिहिणाऱ्यांनो, जाळं बदलल्याची सूचना ऑपरेटिंग सिस्टिम देते, ती ऐका. टाइमआउटची वाट पाहू नका. शिवाय प्रत्येक विनंती दोनदा पोचली तरी परिणाम एकदाच होईल अशी रचना करा, कारण उत्तर वाटेत हरवलं की काम झालं की नाही हे फोनला कळायला मार्ग नसतो.

सांजवारा

कोडकर्ती यांना +१. क्विक यूडीपीवर चालतं, आणि काही बंदिस्त जाळ्यांत फायरवॉल यूडीपी अडवते म्हणून ते चालतच नाही, तेही तपासायला हवं. मग ब्राउझर गुपचूप टीसीपीवर येतो आणि स्थलांतराची सोय गेलेली असते.

वाटसरू_नवा

एक विचारू? हे सगळं इतकं ठाऊक आहे, मानकं आहेत, तर कंपन्यांच्या अहवालांत हँडओव्हर नेहमी जवळजवळ शंभर टक्के यशस्वी कसा दिसतो?

रेडिओलहर

हा प्रश्न मला बैठकांत कोणी विचारत नाही, तुम्ही विचारलात याचा आनंद आहे.

यशाचं प्रमाण काढताना भाजक असतो 'प्रयत्न'. फोनचा अहवाल वाटेतच हरवला तर नेटवर्कच्या लेखी प्रयत्न झालाच नाही. म्हणजे सगळ्यात वाईट प्रकारचा उशीर या आकड्यात मोजलाच जात नाही. तो दिसतो रेडिओ लिंक फेल्युअरच्या आणि पुन्हा जोडणीच्या मोजणीत. फोन तुटल्यानंतर ज्या सेलवर पुन्हा उगवला तो जुन्याचा शेजारी असेल, तर बहुधा हा न झालेला हँडओव्हरच. फोन नंतर याचा अहवाल देऊ शकतो आणि बेस स्टेशनं एकमेकांना तो कळवू शकतात. ही दोन मोजणी एकत्र न पाहता कोणी यशाचं प्रमाण दाखवलं तर मी ते बाजूला ठेवतो.

दुसरं, खंडाची सरासरी पाहू नका. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०१७ मध्ये ५जीसाठी घातलेल्या किमान निकषांत हँडओव्हरचा खंड शून्य मिलिसेकंद असावा असं म्हटलं आहे. रोजच्या जाळ्यात बहुतेक हँडओव्हर काही दशक मिलिसेकंदांत उरकतात आणि सरासरी छान दिसते. माणसाला त्रास होतो तो शेपटीतल्या, सेकंदभराच्या खंडांचा. जुन्या वाटेवरचं शेवटचं पॅकेट आणि नव्या वाटेवरचं पहिलं पॅकेट यांतलं अंतर काढा, आणि शंभरातले सगळ्यात वाईट एक-दोन कुठे घडतात ते नकाशावर मांडा. बहुतेक वेळा ते मोजक्याच जागी गोळा झालेले असतात.

पाखरू

अशीच एक जागा माझ्या माथी आहे, मदत हवी. रस्त्याचा एक भुयारी मार्ग. आत भिंतीवरून लीकी केबल (लांबीभर सिग्नल सोडत जाणारी केबल) टाकून वेगळा सेल केलाय, बाहेर नेहमीचा टॉवर. आतला सेल एका फ्रिक्वेन्सीवर, बाहेरचा दुसऱ्या. गाड्या साधारण ताशी ८० ने बाहेर पडतात. तोंडाशी पुन्हा जोडणीची मोजणी खूप जास्त. टाइम-टू-ट्रिगर ३२० वरून १६० केला, काही फरक नाही. शेजाऱ्यांची यादी तपासली, बाहेरचा सेल त्यात आहे.

रेडिओलहर

पाखरू, फ्रिक्वेन्सी वेगळी आहे तिथेच मेख आहे. वेगळ्या फ्रिक्वेन्सीवरचा सेल मोजायला फोनला आपली वाट क्षणभर सोडून तिकडे ऐकायला जावं लागतं, त्यासाठी मेझरमेंट गॅप लागते: ६ मिलिसेकंदांची, दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांनी. ही गॅप नेहमी चालू नसते. चालू सेल ठरावीक पातळीखाली गेला की, म्हणजे 'ए२' घडली की, ती सुरू होते. तुमचा ए२ चा उंबरठा किती आहे?

पाखरू

बाहेरच्या सगळ्या सेलांना आहे तोच, −११० डीबीएम.

रेडिओलहर

मग चित्र असं आहे. लीकी केबलचा सिग्नल भुयारात शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखा राहतो, समजा −८५. फोनला काहीच काळजी नसते. गाडी तोंडातून बाहेर पडते आणि पातळी धाडकन कोसळते. ए२ तेव्हा घडते, गॅप तेव्हा मागितली जाते, मोजमापाला त्यानंतर काही शे मिलिसेकंद लागतात, मग टाइम-टू-ट्रिगर, मग आदेश. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. आदेश निघेपर्यंत केबल बरीच मागे राहिलेली असते. टाइम-टू-ट्रिगर अर्धा करून साखळीतली एकच कडी लहान झाली, आधीच्या तशाच आहेत.

भुयाराच्या सेलपुरता ए२ चा उंबरठा वर घ्या, −७५ वगैरे.

अनाहत

रेडिओलहर, पण सिग्नल आत एकसारखाच असेल तर −७५ ला ए२ भुयारात शिरल्याबरोबर घडेल आणि गॅप पूर्ण वेळ चालू राहील. उंबरठा केबलच्या पातळीच्या वर असेल तर गॅप कायम चालू, खाली असेल तर नेमक्या वेळी बंद. मधली जागाच नाही.

रेडिओलहर

बरोबर आहे, मधली जागा नाही. म्हणून इथे कायम चालू ठेवणंच योग्य. किंमत मोजून बघू: ४० पैकी ६ मिलिसेकंद, म्हणजे १५ टक्के वेळ जातो. ८० ची गॅप घेतली तर साडेसात टक्के, पण मोजमाप तेवढंच सावकाश. भुयाराच्या सेलवर गर्दी नसेल तर १५ टक्क्यांनी कुणाचं अडणार नाही.

खरा इलाज मात्र हा नाही. तोंडाशी बाहेरच्या बाजूला तोंड करून एक अँटेना लावा आणि आतला सेल थोडा बाहेर वाढवा, म्हणजे दोन्ही सेल सोबत ऐकू येतील असा पट्टा तयार होतो. गाडीला किमान दोन-तीन सेकंद मिळतील इतका, ताशी ८० ला साधारण ५० ते ७० मीटर. शक्य असेल तर बाहेरचीच फ्रिक्वेन्सी आतही वापरा, मग गॅपची गरजच राहत नाही.

पाखरू

धन्यवाद. अँटेनाची परवानगी यायला वेळ लागेल. तोवर ए२ वर घेऊन ४० ची गॅप लावतो आणि कळवतो.

पाखरू

कळवायचं होतं. गॅप लावल्यावर बाहेर पडतानाच्या पुन्हा जोडण्या स्पष्टपणे उतरल्या, आतल्या डेटाच्या वेगाबद्दल एकही तक्रार नाही. नंतर अँटेनाही बसली. बाहेर पडणाऱ्यांचा प्रश्न जवळपास मिटला. आता वेगळंच सुरू झालंय. भुयाराच्या डोक्यावरून एक आडवा रस्ता जातो, तिथल्या गाड्या भुयाराच्या सेलवर शिरतात आणि सेकंदाभरात परत बाहेर येतात.

रेडिओलहर

अँटेनाचा सांडवा वर जातोय. आधी तिला खाली झुकवा आणि शक्ती दोन-तीन डेसिबलनी उतरवून पाहा, पट्टा ५० मीटरच्या खाली जाऊ देऊ नका. तेवढ्याने भागलं नाही तर बाहेरच्या सेलकडून भुयाराकडे जाणाऱ्या दिशेचा ऑफसेट वाढवा, फक्त त्याच दिशेचा. भुयारात शिरणाऱ्या गाडीला अँटेनाचा सिग्नल समोरून मिळतो, तो तोंडाशी येईपर्यंत चढतच जातो, त्यामुळे थोडा उशीर तिला सोसतो. वरून जाणाऱ्या गाडीला मात्र तो क्षणभरच मिळतो. बदल केल्यावर दोन्ही दिशांची पुन्हा जोडणी वेगवेगळी काढून इथे टाका, एकत्र बेरीज नको.